चौथ्या भेटीपर्यंत गुण आला का?

कायरोप्रॅक्टरने कमरेला झटका दिला, ‘कट्’ असा आवाज झाला आणि रुग्ण ताठ उभा राहिला, असे व्हिडिओ आता मोबाइलवर सतत दिसतात. मात्र ती कंबर पुढे बरी राहील की नाही, हे त्या आवाजावरून कळत नाही. नॉर्वेतल्या कायरोप्रॅक्टरांकडे येणाऱ्या, दुखणे रेंगाळलेल्या रुग्णांचा वर्षभर माग ठेवणारा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तीन आणि बारा महिन्यांनी कोण बरे असेल, याचा अंदाज त्यात एका साध्या गोष्टीवरून आला: चौथ्या भेटीपर्यंत गुण आला होता का? स्वित्झर्लंडमधल्या रुग्णांच्या अभ्यासातही सुरुवातीची सुधारणाच भरवशाची खूण ठरली. दुखणे जितके जुने, तितकी आशा कमी, हेही अशा अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते. रुग्णाची भीती आणि चिंता जोखणारी, इंग्लंडच्या कील विद्यापीठाची नऊ प्रश्नांची चाचणी सामान्य डॉक्टरांकडे उपयोगी पडली; ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टिक दवाखान्यांत मात्र तिला पुढचे फारसे सांगता आले नाही. म्हणजे एका दाराशी चालणारी मोजपट्टी दुसऱ्या दाराशी चालेलच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्यांना लवकर आराम पडला ते उपचाराविनाही बरे झाले असते. शंका रास्त आहे. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३२१ रुग्णांपैकी काहींना कायरोप्रॅक्टरकडे, काहींना मॅकेन्झी पद्धतीच्या व्यायामांसाठी पाठवले आणि काहींच्या हाती फक्त माहितीपुस्तिका दिली. पुस्तिकावाल्यांपेक्षा इतरांना झालेला फायदा अगदी थोडा होता. त्यामुळे लवकर गुण येणे हा उपचाराच्या श्रेयाचा पुरावा नव्हे. पण श्रेय कोणाचेही असो, गुण आलाच नाही तर तोच उपचार रेटत राहायला आधार उरत नाही. या खुणेचा खरा उपयोग मला थांबण्यासाठीच दिसतो, आणि नेमका तोच फारसा कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप व्यावसायिकांचा: जुन्या दुखण्याला वेळ द्यावाच लागतो. त्यातही तथ्य आहे. अमेरिकेतच जुनाट कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर शून्य, सहा, बारा आणि अठरा भेटींची तुलना झाली; २०१४ साली आलेल्या निष्कर्षांत बारा भेटींचा गट सरस ठरला. पण फरक माफक होता, अठरा भेटींनी त्यात भर पडली नाही आणि हा सगळा उपचार सहा आठवड्यांतला होता. शिवाय ही गटांची सरासरी. समोरच्या एका माणसाची कंबर त्या सरासरीला बांधलेली नाही. चार भेटींत फरक न पडलेल्याने निदान पुन्हा तपासून घ्यावे, व्यायामाकडे वळावे किंवा दुसरा सल्ला घ्यावा. वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ भरायला लावणाऱ्या पॅकेजला यातला कोणताच अभ्यास आधार देत नाही. मात्र कंबरदुखीसोबत लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर भेटी मोजायच्याच नाहीत. तातडीने रुग्णालय गाठायचे.