पीपीसीच्या स्लॅबला पाणी जास्त दिवस का मारायचं?

हरसूल : उन्हाळ्यात घरकुलांचे स्लॅब टाकायची घाई असते आणि नेमक्या तेव्हाच विहिरी आटलेल्या असतात. मग तीन-चार दिवस पाणी मारून काम सोडलं जातं. गोणीवर 'पीपीसी' लिहिलेलं असेल तर हे महागात पडतं.

या सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख असते. एकलहऱ्यासारख्या वीज केंद्रांत कोळसा जळून उडते ती राख. ही भेसळ नव्हे. तिच्यामुळे चुनखडी 1450 अंशांपर्यंत भाजून बनणारा क्लिंकर कमी लागतो, कार्बनही कमी सुटतो.

क्लिंकर पाण्याशी लगेच भिडतो. त्यातून घट्ट होत जाणारा गर बनतो आणि काही चुना मोकळा राहतो. राख हा चुना सावकाश खाते, आणखी गर बनवते, बारीक छिद्रं बुजवते. हे काम महिनोन्‌महिने चालतं, पण ओल असेल तरच. सुरुवातीला कच्चा वाटणारा स्लॅब पुढे साध्या सिमेंटला गाठतो, पाझरतोही कमी. इथल्या पावसाला तेच हवं.

आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी, राखेच्या सिमेंटला 10. कडक उन्हात 14 पर्यंत न्यावं. पाणी कमी असेल तर ओलं बारदान अंथरावं. सेंट्रिंगही लवकर काढू नये.