डोंगरावर घडलेला आवाज

बालमित्रांनो, 'मागच्या बाकापर्यंत ऐकू येऊ दे,' असं बाईंनी म्हटलं की तुम्ही काय करता? सरळ ओरडता! पण आवाज पोचवणं आणि ओरडणं यात फार फरक आहे बरं का. रिचर्ड बर्टन या जगप्रसिद्ध नटाला तो त्याच्या गुरुजींनी शिकवला.

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ देश आहे. तिथल्या एका खेड्यात १० नोव्हेंबर १९२५ रोजी रिचर्ड जेंकिन्सचा जन्म झाला. वडील कोळशाच्या खाणीत मजूर. तेरा भावंडांत याचा नंबर बारावा! तो दोन वर्षांचाही नव्हता, तोच आई वारली. मग थोरल्या बहिणीनं, सिसनं, त्याला पोर्ट टॅलबट गावी आपल्या घरी नेलं आणि आईच्या मायेनं वाढवलं. त्याची मातृभाषा वेल्श. इंग्रजी त्याला नंतर शिकावी लागली.

घरात पैशांची ओढाताण. १९४१ साली शाळा सुटली आणि रिचर्ड कापडदुकानात कामाला लागला. गोष्ट इथंच संपायची. पण काही शिक्षकांनी आणि गावातल्या जाणत्या माणसांनी खटपट करून त्याला पुन्हा शाळेत आणलं. तिथं इंग्रजी शिकवणाऱ्या फिलिप बर्टन सरांनी त्याच्यातला नट हेरला.

सर त्याला डोंगरावर नेत आणि शेक्सपिअरचे उतारे म्हणायला लावत. स्वतः मात्र लांब लांब जात राहत. शब्द न् शब्द सरांपर्यंत पोचला पाहिजे, पण ओरडायचं नाही! सरांना त्याला दत्तक घ्यायचं होतं. कायद्यानं दोघांच्या वयात एकवीस वर्षांचं अंतर हवं होतं. ते भरलं वीस दिवस कमी! शेवटी १९४३ मध्ये सर त्याचे कायदेशीर पालक झाले आणि रिचर्डनं त्यांचं आडनाव लावलं.

पुढे त्याचं 'हॅम्लेट' लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये गाजलं. १९५५ च्या एका चित्रपटात तो भारतीय डॉक्टर झाला, तर 'क्लिओपात्रा'त (१९६३) रोमन सेनापती अँटनी! ऑस्करसाठी त्याचं नाव सात वेळा पुढे आलं. पारितोषिक मात्र एकदाही मिळालं नाही.

आणखी एक गोष्ट लपवायची नाही. दारूच्या व्यसनानं त्याची तब्येत पोखरली. ५ ऑगस्ट १९८४ रोजी, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी तो गेला. एवढी मोठी देणगी, पण तीही जपावी लागते.

पालकहो, सिस आणि बर्टन सर नसते, तर हा आवाज दुकानाबाहेर गेलाच नसता. मूल अभ्यासात मागं पडलं म्हणून त्याची शाळा सोडवण्याआधी एवढं आठवा.

आणि मुलांनो, उद्या मैदानावर मित्राला दूर उभं करा आणि तुमची आवडती कविता म्हणा. सावकाश, स्पष्ट, पोटातून. अन् हो, ओरडायचं नाही हं!