ओला कचरा घरातच जिरवायचा, पण वास न येता!



परिसराच्या स्वच्छतेचा पाठ झाला की मुलं उत्तर अगदी पाठ करून लिहितात, 'ओल्या कचऱ्यापासून खत तयार करावे.' पूर्ण गुण! पण घरी खत कोण कोण करतं, असं मी एकदा वर्गात विचारलं तर पाच हात वर आले. त्यातल्या तिघांचं म्हणणं असं, "बाई, आधी करायचो. मग वास यायला लागला, मग आईने बंद केलं."

हा लेख त्या 'मग वास यायला लागला' साठीच आहे. खत का करावं हे सांगणारे लेख भरपूर आहेत, पण बिघडतं कुठे हे फारसं कोणी सांगत नाही.

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. कलिंगडाच्या सालींचं वजन करा, बारीक तुकडे करून गच्चीवर कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा आणि पुन्हा वजन करा. किलोभर साली मूठभर होऊन बसतात. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पालेभाजीची देठं, काकडीची साल, दुधीचा गर, सगळ्यांची गत साधारण तीच. म्हणजे आपण ज्याला ओला कचरा म्हणतो ते मुख्यतः पाणी आहे, आणि सगळी गडबड त्या पाण्यामुळेच होते.

कशी ते बघू. अन्न कुजवण्याचं काम सूक्ष्मजीव करतात. त्यांचे ढोबळ मानाने दोन गट. एकाला हवा लागते. हा गट अन्नातला कर्ब जाळून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता तयार करतो, आणि मागे खत उरतं. याला घाण वास नसतो. दुसरा गट हवा नसलेल्या जागी वाढतो. तो आम्लं तयार करतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार करतो आणि शेवटी मिथेन. कचऱ्यातल्या फटी पाण्याने भरल्या की हवा आत जात नाही, आणि पहिल्या गटाचं काम थांबून दुसऱ्याचं सुरू होतं. म्हणून वास आला याचा अर्थ 'खत होतंय' असा नाही, 'आत हवा संपली' असा आहे.

प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून आपण जो कचरा बाहेर ठेवतो, त्यात नेमकं हेच होतं. कचरा डेपोवर तर त्याचे डोंगरच असतात. मुंबईच्या देवनारला जानेवारी 2016 मध्ये लागलेली आग आणि शहरभर पसरलेला धूर पुष्कळांना आठवत असेल. अशा डोंगराच्या पोटात तयार होणारा मिथेन जळणारा वायू आहे, त्यामुळे तिथली आग विझवणं महाकठीण जातं. शिवाय शंभर वर्षांच्या हिशोबात तापमानवाढीसाठी मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट प्रभावी धरला जातो.

टोपली किंवा बादली

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सगळ्यात जमण्यासारखा उपाय हाच. माझी पहिली बादली मात्र साफ फसली. घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बादली, खाली चार भोकं, आणि आत रोजचा कचरा तसाच. दहाव्या दिवशी खालून काळं पाणी आणि बाराव्या दिवशी शेजारच्या काकू दारात! चूक कचऱ्यात नव्हती. मी त्यात सुकं काहीच घातलं नव्हतं.

सुकं म्हणजे वाळलेला पालापाचोळा, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्यांचा चुरा, विकतचं कोकोपीट, अगदी फाडलेला पुठ्ठासुद्धा. हे जास्तीचं पाणी शोषतं, मधे फटी ठेवतं आणि कर्ब पुरवतं. सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे साधारण 25 ते 30 भाग कर्ब लागतो. भाजीच्या कचऱ्यात नत्र त्या मानाने जास्त असतं, वाळक्या पानांत कर्ब जास्त असतो. दोन्हींची जोडी लावायची. घरी वजनकाटा घेऊन बसायची गरज नाही. एक वाटी ओलं, तर किमान एक वाटी सुकं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पावसाळ्यात सुकं थोडं वाढवायचं.

टोपली, जुना माठ किंवा सगळ्या बाजूंनी भोकं पाडलेली बादली घ्या. नुसती तळाला भोकं पुरत नाहीत. तळाशी चार बोटं सुकं पसरा. त्यावर जुनं खत किंवा शेणखत ओंजळभर टाका, ते नसेल तर आंबट ताक शिंपडा. हे विरजण. मग रोजचा कचरा बारीक चिरून टाकायचा आणि वरून सुक्याने पूर्ण झाकायचा. साल उघडी दिसली की चिलटं आलीच म्हणून समजा. दोन-तीन दिवसांनी काठीने किंवा खुरप्याने खालीवर करायचं, म्हणजे हवा मिळते.

ओल बरोबर आहे की नाही, यासाठी मुठीची परीक्षा. मूठभर घेऊन दाबा. पाणी ठिबकलं तर जास्त ओलं, सुकं घाला. मूठ उघडल्यावर सगळं भुसभुशीत सांडलं तर जास्त कोरडं, पाणी शिंपडा. गोळा राहिला आणि हात फक्त दमट झाला तर उत्तम. मुलांना हे काम भारी आवडतं (हात धुवायला लावा).

अळ्या झाल्या की बहुतेक लोक हाय खातात आणि सगळं फेकून देतात. चपट्या, करड्या-तपकिरी, जाड सालीच्या अळ्या असतील तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. किळस वाटत असेल तर सुकं वाढवा, खालीवर करा, कमी होतात.

शिजलेल्या अन्नाचं काय? थोडं चालतं, पण रस्सा, आमटी गाळून, आणि सुकं दुप्पट. तेलकट आणि खारट पदार्थ बेतानेच. हाडं, माशांचे काटे फ्लॅटमधल्या टोपलीत नकोतच, मांजरं आणि उंदीर लगेच दखल घेतात. अंगण असेल तर खोल खड्ड्यात पुरता येतात. कोकणात मासे धुतलेलं पाणी माडाच्या बुंध्यात ओततात, ती सवय काही उगीच पडलेली नाही.

साधारण दीड-दोन महिन्यांनी खालचा थर काळपट होतो. दुसरी टोपली सुरू करून पहिली तशीच मुरू द्यायची. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला की खत तयार. चाळून घ्या, वर राहिलेले आंब्याच्या कोयीसारखे तुकडे पुन्हा टोपलीत.

गावाकडे अंगणात जागा असलेल्यांनी नाडेप टाकं बघितलंच असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, त्यांच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे 'नाडेप'. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, आणि भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या खिडक्या. उकिरडा आणि नाडेप यातला मोठा फरक म्हणजे त्या खिडक्या. हवा! मुलांना दोन्ही शेजारी शेजारी दाखवता आले तर फळ्यावर काही लिहायला नको. एका घराच्या स्वयंपाकघरातून मात्र एवढं टाकं भरत नाही, त्याला शेतातला काडीकचरा, शेण आणि माती लागते.

गांडुळं

गांडूळखत सुंदर होतं, पण गांडुळं म्हणजे पाळीव जीव, हे विसरून चालत नाही. कचरा खाणारी तांबडी गांडुळं घ्यावी लागतात, शेतात नांगरताना दिसणारी मोठी या कामाची नाहीत. लिंबाच्या साली, मिरची, लोणचं, तेल त्यांना सोसत नाही. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवली तर मरतात. सुट्टीत गावाला जाणाऱ्यांनी आधी शेजाऱ्यांशी बोलून ठेवावं.

गॅस

इथे हवा मुद्दाम बंद करायची, कारण आपल्याला मिथेनच हवा असतो. उघड्यावर जो त्रास देतो, तोच टाकीत कोंडला की चूल पेटवतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं, त्याला 2006 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार वर्गात सांगण्यासारखा आहे. शेणातलं सहज पचणारं जनावराने आधीच खाल्लेलं असतं. उरलेला भात, पोळ्या, खराब पीठ यांत ते शाबूत असतं, म्हणून थोड्या अन्नातूनही बरा गॅस मिळतो. सुरुवातीला विरजण म्हणून शेण लागतंच. आणि हावरटपणा करायचा नाही. एकदम बादलीभर अन्न ओतलं की टाकीतलं आम्ल वाढतं आणि गॅस बंद पडतो. भाताने आंबलेलं पोट, दुसरं काय! जागा, ऊन आणि रोज लक्ष देणारं माणूस असेल तरच या वाटेला जा.

हे काहीच जमत नसेल तर

जमत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. घरात नोकरी, स्वयंपाक आणि वर टोपलीसुद्धा एकाच बाईच्या गळ्यात पडणार असेल, तर ती टोपली टिकणार नाही. कामं आधी वाटून घ्या. तोवर कचरा वेगळा करून घंटागाडीत देणं, एवढं तरी नक्की जमतं. ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे वेगळा करायला 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितलं होतं, ते उगीच नाही. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते. तुमच्या आमटीत भिजलेला कागद आणि त्यातच फुटलेली काच, हे नंतर कोणीतरी हातानेच निवडत असतं. ओला कचरा देताना पाणी निथळून, पिशवी न बांधता द्या. सिंकखालच्या चाळणीत रात्रभर ठेवला तरी वजन उतरतं.

गायीला घालणं चांगलं, पण उघड्या भांड्यात, ताजं आणि थोडंच. पिशवीसकट कधीच नाही.

वर्गासाठी एक काम. प्रत्येक मुलाने आठवडाभर घरचा ओला कचरा रोज वजन करून तक्त्यात लिहायचा आणि शेजारी दुसरा रकाना ठेवायचा, 'यातलं खाण्याजोगं किती होतं?' साली-देठं एकीकडे, उरलेला भात आणि सुकून गेलेल्या पोळ्या दुसरीकडे. माझ्या वर्गात या दुसऱ्या रकान्यामुळे दोन घरांत पोळ्या मोजून करायला लागले, असं पालकसभेत कळलं. टोपली भरायलाही मग थोडा जास्त वेळ लागतो.