बदलता पाऊस आणि गावातील तरुण

हवामान बदलामुळे अकोला-अमरावती भागात पाऊस थोड्या दिवसांत जोराने कोसळतो व मध्ये मोठे खंड पडतात. पाणी वाहून जाते, मुरत नाही. संत्रा बागा वाळतात. २०१६ साली पहिल्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत वरुड तालुका होता. तेथे तरुणांनी गावकऱ्यांसह प्रशिक्षण घेऊन श्रमदान केले.

आपल्या गावातील तरुणांनीही उन्हाळ्यातच माथ्यापासून सुरुवात करावी. पारदर्शक नळीत पाणी भरून समपातळी रेषा आखावी. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर खोदून माती उताराच्या बाजूस टाकावी. अशा १०० मीटर चरात एका वेळी १८,००० लिटर पाणी मावते. दरवर्षी गाळ काढावा. पाणी वाढले म्हणून नवीन बोअर मात्र घेऊ नये. अन्यथा श्रम वाया जातील.