जबड्याचा जिग

आमची हयात कामगार संघटनेत गेली. शास्त्र शिकलो ते पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून. म्हणून दाखलाही कारखान्यातलाच देतो. शंभर जॉबना नेमक्या एकाच जागी भोक पाडायचे असले, तर कारागीर दरवेळी मोजमाप करीत बसत नाही. जॉबवर चपखल बसणारा पोलादी साचा चढवतो. ड्रिल त्यातल्या वाटेनेच जाते. यालाच जिग म्हणतात. याचाच एक भाऊबंद आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला आहे.

तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. तो हाडात उतरला म्हणजे खालच्या जबड्याचा तुकडा काढण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर नसते. मग चावणे, गिळणे, बोलणे, चारचौघांत बसणे, सारेच अडते. ही पोकळी भरायची कशाने? 1989 साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी वाट दाखवली. नडगीच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला नावाचे बारीक हाड असते. शरीराचा भार मुख्यतः नडगीवर असतो. म्हणून फिब्युलाची दोन्ही टोके राखून मधला भाग रक्तवाहिन्यांसकट काढता येतो. त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडल्या, म्हणजे हाड जिवंत राहते.

पण पायाचे हाड सरळ आणि जबडा वळणाचा. तेव्हा ते हाड तिरपे कापून, सुतार चौकटीचा कोपरा जुळवतो तसे जुळवावे लागते. कोन चुकला तर दातांच्या रांगा एकमेकींवर बसत नाहीत. शिवाय रक्त तुटलेले हाड फार वेळ थांबत नाही. निष्णात हात हे काम नजरेने करीत आले आहेत.

नव्या पद्धतीत चेहऱ्याचे व पायाचे सी. टी. स्कॅन घेतात. त्यावरून शल्यविशारद व इंजिनिअर संगणकावर कापाच्या रेषा आधीच ठरवतात. मग थ्री-डी प्रिंटरवर दोन साचे तयार होतात; एक जबड्यासाठी, एक पायासाठी. साचा हाडावर तात्पुरता बसवायचा आणि त्याच्या फटीतून करवत चालवायची. विचार आधीच झालेला असल्याने टेबलावरचा वेळ वाचतो. हाडाला पायातला रक्तपुरवठा चालू असतानाच काप घेता येतात.

मात्र एक भेद विसरून चालणार नाही. कारखान्याचा जिग शंभर जॉबांचा. हा एकाच माणसाचा, एकदाच वापरायचा. आणि पोलाद वाढत नाही, गाठ वाढते. साचा जुळतो तो स्कॅनच्या दिवशीच्या रोगाशी. पैशाची जुळवाजुळव, रजा, खाटेची वाट यांत आठवडे गेले आणि गाठ पुढे सरकली, तर ठरवलेली रेषा अपुरी पडते. मग साचा बाजूला ठेवून पुन्हा हातावर आणि नजरेवरच यावे लागते.

म्हणून यंत्राचे कौतुक जरूर करावे, पण दोन गोष्टी मागून घ्याव्यात. साचा वापरणाऱ्याला साच्याविनाही काम आले पाहिजे. आणि स्कॅनपासून शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस रोग्याच्या खिशावरून ठरता कामा नयेत. आपल्या हाती आहे ते एवढेच, की तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर पगाराच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.