तुटलेल्या हाताचा स्पर्श

हात तुटला, तरी त्याचे ज्ञानतंतू उरलेल्या बाहूंत जिवंतच असतात. डेन्मार्कमधील एका गृहस्थाचा डावा हात अपघातांत गेला. त्यानंतर नऊ वर्षांनीं, २०१३ सालीं, रोमच्या जेमेल्ली रुग्णालयांत त्याच्या दंडांतील दोन ज्ञानतंतूंत चार सूक्ष्म विद्युदग्रें बसविण्यांत आलीं. कृत्रिम बोटांवर जसा दाब पडे, तसे विजेचे क्षीण स्पंद त्या तंतूंत जात, आणि मेंदू त्यांस स्पर्शच समजे. डोळे बांधले असतांही हातांतली वस्तु मऊ कीं कठीण, वाटोळी कीं उभट, हें त्याला ओळखतां येई. चांचणीची मुदत महिन्याची. ती संपतांच विद्युदग्रें काढावीं लागलीं. परंतु नऊ वर्षें मुके राहिलेले तंतू आपली भाषा विसरले नव्हते, हें सिद्ध झालें.