स्पेलिंग एकच, अर्थ दोन! अरबीत ‘शाळा’ आणि ‘शिक्षिका’ सारखेच का दिसतात?
अरबी वर्तमानपत्रात ‘शाळा’ आणि ‘शिक्षिका’ हे शब्द हुबेहूब सारखे छापले जातात. असं का?

अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर आणि जोडव्यंजनासाठी अक्षराच्या वर-खाली खुणा असतात. रोजच्या मजकुरात त्या सहसा देत नाहीत. त्यामुळे तीच अक्षरं ‘मद्रसा’ म्हणजे शाळा किंवा ‘मुदर्रिसा’ म्हणजे शिक्षिका अशी वाचता येतात. दोन्हींचं मूळ ‘द-र-स’, म्हणजे अभ्यास करणं. आपल्याकडचा ‘मदरसा’ही इथूनच आला.

मग अर्थ ओळखायचा कसा? संदर्भावरून. कुराणात आणि लहान मुलांच्या पुस्तकांत मात्र खुणा छापतात.

भाषांतर अ‍ॅपलाही सुट्या शब्दाचा अंदाजच बांधावा लागतो. म्हणून अरबी मजकूर तपासताना एकटा शब्द नको, पूर्ण वाक्य टाका.